‘इमर्जिंग’ या इंग्रजी विशेषणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी मजकूर मराठीत आणताना ‘इमर्जिंग’ हे विशेषण आरोग्य, अर्थकारण, तंत्रज्ञान, क्रीडा आणि शेती अशा सर्वच क्षेत्रांत भेटते, आणि बहुतेक ठिकाणी त्याच्यासाठी ‘उदयोन्मुख’ हा एकच शब्द विचार न करता लावला जातो. त्यातून होणारी अडचण ज्यांना जाणवली आहे अशा विद्यार्थ्यांनी, उपसंपादकांनी आणि भाषांतरकारांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न व त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

‘इमर्जिंग’ म्हणजे नेमके काय?

जे आधी दृष्टीआड होते आणि आता बाहेर येऊ लागले आहे, पण अजून पूर्णपणे बाहेर आलेले नाही, त्याला ‘इमर्जिंग’ म्हणतात.

एखाद्या तळ्याच्या काठी थोडा वेळ बसले, तर हा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो. टिबुकली पाण्यावर तरंगत असते आणि एकाएकी बुडी मारते. पाण्यावर वर्तुळे पसरत जातात, ती विरूनही जातात, आणि मग दहा-पंधरा हातांवर, जिथे आपली नजर नसते नेमकी तिथे, ती वर येते. आधी चोच दिसते, मग भिजलेली मान आणि शेवटी गोलसर पाठ. चोच बाहेर आणि पाठ अजून पाण्याखाली, अशा त्या क्षणातली टिबुकली म्हणजे ‘इमर्जिंग’. ती त्या क्षणी जन्मलेली नसते, कारण पाण्याखाली ती होतीच. ती पुरती वर येऊन पोहू लागली की तिला ‘इमर्जिंग’ म्हणता येत नाही.

पूर्वीचे अस्तित्व, बाहेर येण्याची हालचाल आणि अपुरेपणा या तिन्ही छटा या शब्दात एकत्र नांदतात. मराठी प्रतिशब्द निवडताना त्यांपैकी कोणती छटा त्या वाक्यात महत्त्वाची आहे, हे आधी ठरवावे लागते.

हा शब्द आला कोठून? ‘इमर्जन्सी’शी त्याचे काही नाते आहे का?

नाते सख्खे आहे. लॅटिनमध्ये ‘मेर्गेरे’ म्हणजे बुडवणे किंवा बुडी मारणे, आणि त्याला ‘बाहेर’ या अर्थाचा ‘ए’ हा उपसर्ग लागून ‘एमेर्गेरे’, म्हणजे पाण्यातून वर येणे, हे क्रियापद झाले. पाण्यात बुड्या मारणाऱ्या पक्ष्याला लॅटिनमध्ये ‘मेर्गुस’ म्हणत, म्हणजे वर दिलेले टिबुकलीचे उदाहरण अगदीच ओढूनताणून आणलेले नाही. ‘सबमर्ज’, ‘मर्ज’ आणि ‘इमर्शन’ हे इंग्रजी शब्दही त्याच कुळातले आहेत. गणेशविसर्जनाला इंग्रजी वृत्तपत्रे ‘इमर्शन’ म्हणतात, तेव्हा ती त्याच धातूचा वापर करत असतात.

जे अनपेक्षितपणे वर येते आणि तात्काळ लक्ष मागते, ते ‘इमर्जन्सी’. २५ जून १९७५ रोजी देशात जी जाहीर झाली तिला आपण ‘आणीबाणी’ म्हणतो, आणि या मराठी शब्दात पाण्याचा मागमूसही नाही. मूळ शब्दाचे चित्र आणि प्रतिशब्दाचे चित्र वेगळे असूनही प्रतिशब्द पक्का बसू शकतो, हे त्यावरून दिसते. म्हणून व्युत्पत्ती समजून घ्यावी, पण प्रतिशब्द केवळ तिच्यावरून ठरवू नये.

‘न्यू’ आणि ‘इमर्जिंग’ यांत फरक काय? दोन्हींना ‘नवीन’ म्हटले तर चालणार नाही का?

चालणार नाही. काल छापलेले पुस्तक नवीन असते, पण त्याला कोणी ‘इमर्जिंग’ म्हणत नाही. याउलट एखादा विषाणू शतकानुशतके जंगलातल्या प्राण्यांमध्ये असू शकतो आणि तरीही माणसांच्या वस्तीत प्रथमच पोहोचल्यामुळे तो ‘इमर्जिंग’ ठरतो. ‘नवीन’ हा शब्द वस्तूचे वय सांगतो, तर ‘इमर्जिंग’ हा शब्द ती वस्तू आपल्या नजरेच्या टप्प्यात कशी येत आहे, ते सांगतो. शिवाय आपल्याकडे नव्याचे नऊ दिवसच असतात. ‘इमर्जिंग’मध्ये मात्र पुढे वाढत जाण्याची अपेक्षा किंवा धास्ती गृहीत असते.

‘उदयोन्मुख’ हा प्रतिशब्द सगळीकडे वापरता येईल का?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, आणि माझ्या मते या पृष्ठावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे.

‘उदयोन्मुख’ या शब्दाची फोड ‘उदय’ आणि ‘उन्मुख’ अशी होते; ज्याचे तोंड उदयाकडे वळले आहे, तो उदयोन्मुख. शब्दरचना म्हणून तो फार सुंदर आहे, कारण ‘इमर्जिंग’मधला अपुरेपणा त्याने नेमका टिपला आहे. पण मराठी माणसाच्या मनात उदय म्हटला की सूर्याचा उदय येतो, भाग्योदय येतो. हा शब्द शुभ आहे, त्यामागे स्वागताचा भाव आहे. इंग्रजी विशेषण या बाबतीत तटस्थ आहे. ते कलावंताला लागते, बाजारपेठेला लागते आणि साथीच्या रोगालाही तितक्याच सहजतेने लागते. मराठीत ही तटस्थता मिळत नाही, आणि मला तो आपल्या भाषेचा उणेपणा वाटत नाही. बाहेर येणारी गोष्ट हवीशी आहे की नकोशी, हे मराठी क्रियापदातच सांगून टाकते.

काही वर्षांपूर्वी तपासणीसाठी माझ्या हाती एक आरोग्यपत्रक आले होते. वर डासाचे मोठे चित्र आणि खाली ठळक अक्षरांत ‘उदयोन्मुख आजार: आपण काय काळजी घ्याल?’ असा मथळा. शब्दकोश उघडून पाहिला तर त्या मथळ्यात चूक सापडली नसती. पण जवळ बसलेल्या एका वयस्क बाईंनी तो वाचला आणि ‘कोणाचा उदय झालाय?’ असे विचारले. त्यांना खरोखरच कळले नव्हते. पत्रक ज्यांच्यासाठी होते, त्यांच्यापैकीच त्या होत्या. आम्ही तो मथळा ‘नव्याने उद्भवणारे आजार’ असा केला.

मी स्वतः पाळतो ती विभागणी अशी आहे. जे हवेसे आहे त्याचा ‘उदय’ होतो, ते ‘उगवते’, ‘पुढे येते’. जे अडचणीचे आहे ते ‘उद्भवते’; वाद उद्भवतो, पेच उद्भवतो, पूरपरिस्थिती उद्भवते. आणि जे दडपलेले किंवा विसरलेले होते व पुन्हा त्रास द्यायला आले, ते ‘डोके वर काढते’. हा शेवटचा वाक्प्रचार पाहण्यासारखा आहे. पाण्यातून डोके वर येण्याचे लॅटिन चित्र आणि हे मराठी चित्र जवळपास एकच आहे, आणि दोन्ही भाषांनी ते आपापले घडवलेले आहे. फक्त मराठीने ते त्रासदायक गोष्टींसाठी राखून ठेवले. तरुण गायिकेने डोके वर काढले, असे कोणी म्हणणार नाही.

रोगांच्या बाबतीत ‘इमर्जिंग’ आणि ‘री-इमर्जिंग’ यांत काय फरक आहे, आणि मराठीत काय लिहावे?

सार्वजनिक आरोग्याच्या परिभाषेत दोन प्रकारच्या रोगांना ‘इमर्जिंग’ म्हणतात. एक, जो एखाद्या लोकसमूहात पहिल्यांदाच दिसला आहे, आणि दुसरा, जो आधीपासून होता पण ज्याचे रुग्ण किंवा ज्याचा प्रदेश आता झपाट्याने वाढतो आहे. दुसरा प्रकार अनेकांच्या ध्यानात येत नाही, आणि त्यामुळे ‘नवे रोग’ असे अपुरे भाषांतर होते.

माकडतापाचे उदाहरण घ्यावे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे आजारी पडली, आणि पुण्यात १९५२ साली स्थापन झालेल्या, आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू शोधला. गोचिडांमार्फत पसरणारा हा रोग दीर्घकाळ कर्नाटकापुरताच ओळखला जात होता. मग २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात, काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्या माणसांना तो होऊ लागला. दोडामार्गच्या दृष्टीने तो २०१६ मध्ये ‘इमर्जिंग’ होता, आणि तरीही विज्ञानाला त्याची ओळख होऊन जवळजवळ साठ वर्षे झाली होती. येथे ‘नवा रोग’ असे लिहिले तर ते चूक ठरेल. ‘नव्या भागात पसरू लागलेला रोग’ असे लिहिले तर ते अचूक ठरेल.

‘री-इमर्जिंग’चे उदाहरण चिकुनगुन्याचे. भारतात तो १९६३ मध्ये कोलकात्यात नोंदला गेला आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची मोठी साथ आली. त्यानंतर तो इतका मागे पडला की जवळपास तीन दशके त्याचे नावही सर्वसामान्यांच्या कानावर आले नाही, आणि २००५-०६ मध्ये तो महाराष्ट्रासह अनेक राज्यांत परतला. अशा रोगासाठी ‘पुन्हा उद्भवलेला रोग’ हा शब्दप्रयोग औपचारिक लेखनात बसतो, आणि बातमीत ‘चिकुनगुन्याने पुन्हा डोके वर काढले’ यापेक्षा चांगले वाक्य मला सुचत नाही. ‘पुनरुदयोन्मुख’ हा शब्द मी एका मसुद्यात पाहिला आहे. तो कृपया वापरू नये.

‘इमर्जिंग मार्केट’ हा प्रयोग कोणी रूढ केला? त्यासाठी कोणता शब्द वापरावा?

जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळात काम करणारे डच अर्थतज्ज्ञ अँटवान व्हॅन ॲग्टमेल यांनी १९८१ मध्ये हा शब्दप्रयोग घडवला. विकसनशील देशांच्या शेअर बाजारांत गुंतवणूक करणाऱ्या एका फंडाची कल्पना ते मांडत होते आणि त्याच्या नावात ‘थर्ड वर्ल्ड’ हे शब्द होते. ‘तिसरे जग’ म्हटले की गुंतवणूकदारांच्या मनात दारिद्र्य आणि ठप्प झालेला कारभार यांचेच चित्र येत असे. ‘इमर्जिंग’ या शब्दाने तेच देश वर येत असलेले, वाढत असलेले दिसू लागले. देश तेच, आकडे तेच, फक्त विशेषण बदलले आणि लोकांची पाहण्याची दिशा बदलली. भाषेवर प्रेम करणाऱ्या कोणालाही या घटनेचे महत्त्व पटावे.

या संदर्भात ‘उदयोन्मुख बाजारपेठा’ किंवा ‘उदयोन्मुख अर्थव्यवस्था’ हा प्रतिशब्द निःशंकपणे वापरावा, कारण मूळ शब्दच मुद्दाम आशादायक म्हणून निवडलेला आहे. एक सावधगिरी मात्र हवी. आज हा शब्द निर्देशांक तयार करणाऱ्या संस्थांच्या वर्गवारीचे नाव झाला आहे. एमएससीआयने १९८८ मध्ये उदयोन्मुख बाजारांचा निर्देशांक सुरू केला. त्याच संस्थेने ग्रीसला २००१ मध्ये विकसित गटात नेले आणि आर्थिक संकटानंतर २०१३ मध्ये पुन्हा उदयोन्मुख गटात आणले. म्हणजे वरून खाली आलेला देशही परिभाषेनुसार ‘उदयोन्मुख’ ठरला. अशा बातमीत ‘उदयोन्मुख बाजारांच्या गटात’ असे लिहावे, जेणेकरून ते वर्गवारीचे नाव आहे हे वाचकाला कळेल. नुसते ‘ग्रीस आता उदयोन्मुख’ असे लिहिले तर बातमीचा अर्थ उलटा होईल.

‘उभरती अर्थव्यवस्था’, ‘उभरता तारा’ हे प्रयोग मराठीत योग्य आहेत का?

हे हिंदीतील ‘उभरना’ या क्रियापदावरून आलेले आहेत. मराठीत उभारी आहे, उभारणे आहे, उभार आहे, पण वर येणे या अर्थी ‘उभरणे’ आपण बोलत नाही. जे क्रियापद आपण चालवत नाही त्याचे धातुसाधित विशेषण तेवढे उचलले की ते वाक्यात पाहुण्यासारखे बसून राहते. ‘उगवता’ हा आपला शब्द त्याच जागी समर्थपणे उभा राहतो. उगवत्या सूर्याला नमस्कार करण्याची म्हण ज्या भाषेत आहे, तिला ‘उभरत्या’ची गरज पडू नये.

खेळाडू, लेखक किंवा कलावंत यांच्यासाठी ‘इमर्जिंग’ आले तर?

येथे मराठी श्रीमंत आहे. ‘उदयोन्मुख’, ‘नवोदित’, ‘होतकरू’ आणि ‘उगवता’ असे चार शब्द हाताशी आहेत आणि ते एकमेकांच्या जागी येत नाहीत. ज्याचा उदय व्हायचा आहे तो उदयोन्मुख. ज्याचा नुकताच झाला तो नवोदित. पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झालेल्या कवीला नवोदित म्हणणे योग्य, पण नियतकालिकांतून लक्ष वेधून घेणाऱ्या आणि संग्रह अजून न आलेल्या कवीला उदयोन्मुख म्हणणे अधिक नेमके. ‘होतकरू’मध्ये गुण आहेत पण साधने कमी आहेत अशी छटा आली आहे, ती ‘गरीब व होतकरू विद्यार्थी’ या जाहिरातीतल्या जोडीमुळे. त्यामुळे स्थिरस्थावर घरातल्या खेळाडूला होतकरू म्हटले की ऐकणारा किंचित थबकतो.

आयपीएलमध्ये हंगामातील ‘इमर्जिंग प्लेअर’ असा पुरस्कार दिला जातो आणि २०२१ मध्ये तो पुण्याच्या ऋतुराज गायकवाड यांना मिळाला. त्याच हंगामात सर्वाधिक धावाही त्यांच्याच होत्या. मराठी वृत्तपत्रांची ‘उदयोन्मुख खेळाडू’ ही निवड येथे योग्यच आहे.

‘इमर्जंट’ म्हणजेही तेच का?

नाही, आणि येथे भारतीय वाचकाने विशेष जपून राहायला हवे. आपल्याकडच्या कार्यालयीन इंग्रजीत ‘इमर्जंट मीटिंग’ म्हणजे तातडीची सभा. संस्थांच्या सूचनाफलकांवर आणि न्यायालयीन अर्जांतही ‘इमर्जंट’ हा शब्द ‘अर्जंट’ याच अर्थाने भेटतो, आणि तेथे ‘तातडीचा’ हेच भाषांतर बरोबर आहे.

विज्ञान आणि तत्त्वज्ञान यांत या शब्दाला निराळा अर्थ आहे. घटकांमध्ये सुटेपणी नसलेला पण ते एकत्र आल्यावर संपूर्ण रचनेत प्रकटणारा गुण, असा तो अर्थ असून इंग्रज विचारवंत जॉर्ज हेन्री ल्यूइस यांनी १८७५ मध्ये या अर्थाने तो वापरला. एकेकट्या मुंगीला वारुळाचा आराखडा ठाऊक नसतो, तरीही हजारो मुंग्यांच्या हालचालींतून दालने आणि वाटा असलेले वारूळ उभे राहते. या अर्थासाठी मी ‘उद्भूत गुणधर्म’ असे लिहितो. ‘उदयोन्मुख गुणधर्म’ लिहिले तर तो गुण अजून पुरता आलेला नाही असा चुकीचा बोध होतो. वनस्पतिशास्त्रात पाणकणसासारख्या, मुळे चिखलात आणि पाती पाण्याच्या वर असलेल्या वनस्पतींनाही ‘इमर्जंट’ म्हणतात. तेथे ‘पाण्याबाहेर वाढणाऱ्या वनस्पती’ असे सरळ सांगितलेले बरे.

‘नेसंट’ आणि ‘अपकमिंग’ हे शब्द त्याऐवजी वापरता येतील का?

‘नेसंट’चे मूळ जन्मण्याच्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. त्यात आधीचे लपलेले अस्तित्व नाही, फक्त बाल्यावस्था आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकांतला ‘नवजात ऑक्सिजन’ तोच. ‘अपकमिंग’ म्हणजे आगामी: निवडणूक, चित्रपट, सण. एखाद्या तरुण गायकाला इंग्रजीत ‘अपकमिंग सिंगर’ म्हणण्याची पद्धत आपल्याकडे पडली आहे, पण त्या जागी ‘अप-अँड-कमिंग’ हा प्रयोग हवा.

शेतीविषयक मजकुरातील ‘इमर्जन्स’चे काय करावे?

काहीही नवे करू नये, कारण शेतकऱ्यांनी आणि कृषी विद्यापीठांनी ते केव्हाच करून ठेवले आहे. त्यांचा शब्द ‘उगवण’ हा आहे. सोयाबीन पेरल्यावर पीक आणि तण जमिनीवर दिसण्याआधी जे पेंडीमिथॅलिन फवारले जाते ते ‘उगवणपूर्व तणनाशक’, आणि तण दोन-चार पानांवर आल्यावर वापरायचे ते ‘उगवणीनंतरचे’. या शब्दांत संस्कृतचा बोजा नाही, इंग्रजीची उसनवारी नाही आणि संदिग्धताही नाही.

एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. इंग्रजीत बियाला मातीखाली कोंब फुटणे आणि कोंब माती फोडून वर येणे यांना दोन वेगळी नावे आहेत. मराठीत ‘उगवण’ दोन्हींना पुरते. पेरणीआधी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडून, ते गुंडाळून ठेवून, काही दिवसांनी किती दाण्यांना चांगले कोंब आले ते मोजतात. सत्तरांहून कमी आले तर ते बियाणे सोयाबीनसाठी कमी प्रतीचे मानतात. त्या चाचणीलाही ‘उगवणक्षमता’ तपासणे असेच म्हणतात, वास्तविक तेथे माती नसते आणि काही वर येण्याचा प्रश्नही नसतो. भाषांतरात हा फरक महत्त्वाचा असेल तेथे पहिल्यासाठी ‘अंकुरण’ वापरावे.

व्याकरणाच्या दृष्टीने कोणत्या चुका टाळाव्यात?

इंग्रजीत ‘व्हेरी इमर्जिंग’ किंवा ‘मोर इमर्जिंग’ असे म्हणत नाहीत. वेग सांगायचा असेल तर ‘फास्ट-इमर्जिंग’ म्हणतात, आणि मराठीतही ‘अत्यंत उदयोन्मुख’ऐवजी ‘झपाट्याने पुढे येणारे’ असे लिहावे. तसेच मराठीत ‘उद्भवणारे’, ‘उद्भवत असलेले’ आणि ‘उद्भवलेले’ या तीन रूपांचा काळ वेगळा आहे. पावसाळ्यात दरवर्षी उद्भवणारे आजार, या आठवड्यात उद्भवत असलेली परिस्थिती आणि काल उद्भवलेला वाद, ही उदाहरणे मनात ठेवली की गोंधळ होत नाही. ‘इमर्जिंग’ दिसले की डोळे झाकून ‘-णारे’ लावण्याची सवय सोडावी.

उच्चार आणि लेखन कसे करावे?

इंग्रजीत आघात ‘मर्’वर येतो, ‘इ’ ऱ्हस्व आणि हलका उच्चारावा. मराठीत ‘इमर्जिंग’ असेच लिहावे, ‘ईमर्जींग’ असे नाही. ‘उदयोन्मुख’मध्ये ‘यो’ आहे, कारण ‘उदय’मधला अ आणि ‘उन्मुख’मधला उ मिळून ओ होतो. ‘उद्योन्मुख’ आणि ‘उदयन्मुख’ ही दोन्ही रूपे छापील मजकुरात वारंवार दिसतात आणि दोन्ही अशुद्ध आहेत. ‘मरणोन्मुख’ लिहिताना कोणी चुकत नाही. संधी तोच आहे.